गाथोगो पाय ओळखतो

गाथोगोचं लग्न एक्याऐंशी वर्षांच्या बाईशी ठरलं. सगळ्या कुळासमोर, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या साक्षीने, रीतसर. बाईंनी होकार दिला, म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, बायकांनी ललकारी दिली आणि बकरा विस्तवावर चढला.

पण असं काही झालं नाही. न्याहुरुरूच्या बाजारात कुणालाही विचारा. तो आधी आभाळाकडे बघेल, मग म्हणेल, "असं काही ऐकलं नाही बुवा," आणि हसू दाबायला मान वळवेल. तेव्हा आपणही ते झालं नाही असंच धरून चालू आणि गमबुटांपासून सुरुवात करू.

बस थांब्याच्या मागच्या अंगाला, जिथे मका भाजणाऱ्या बायका बसतात त्याच्या पलीकडे, गाथोगो जुने बूट विकायचा. परदेशातून गठ्ठे यायचे. गठ्ठा फोडल्यावर आत काय निघेल ते देवालाही ठाऊक नसायचं. कधी मुलांचे शाळेचे बूट, कधी नाचायचे चमकणारे बूट, कधी नुसते डावेच. एकदा बर्फावर घसरायचे अवजड बूट निघाले. ते त्याने एका शेतकऱ्याला बटाटे काढायला विकले, आणि तो शेतकरी अजून त्याला दुवा देतो.

गाथोगो वाईट माणूस नव्हता. त्याचं एकच होतं, त्याला वाटायचं की आपण पायांवरून माणूस ओळखतो. "तोंडाला काय, ते शिकवाल तसं हसतं," तो म्हणायचा. "पायाला खोटं बोलता येत नाही." या तत्त्वाला धरून तो गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघतच नसे. निम्मं न्याहुरुरू त्याला गुडघ्याखालीच माहीत होतं. एकदा त्याचे सख्खे मामा, म्हणजे थेउरी मामा, नवे बूट घालून समोर उभे राहिले, तर हा म्हणाला, "या साहेब, काय दाखवू?"

"तुझी आई दाखव," मामा म्हणाले. "तिला सांगायचंय की पोरगं वाया गेलं."

तर अशा या गाथोगोसमोर एक दिवस न्यागुथी येऊन उभी राहिली. न्यागुथी ओल जोरो ओरोकच्या दूध संकलन केंद्रावर कामाला होती. पहाटे शेतकरी कॅन घेऊन यायचे, ती कॅनमध्ये काचेची नळी सोडायची, नळी किती बुडते ते बघायची आणि समोरच्याचं वय, नातं, चर्चमधलं स्थान काहीही न पाहता सांगायची, "काका, आज गाय नदीत उभी राहून दूध देत होती का?" काका हिरमुसून कॅन उचलायचे. तिच्याशी खोटं बोलण्याची त्या भागात प्रथा नव्हती.

तिला गमबूट हवे होते.

"तुमचा डावा पाय उजव्यापेक्षा दमलेला आहे," गाथोगो खाली बघत म्हणाला.

"कॅन डाव्या हाताने उचलते."

"सगळा भार डाव्यावर टाकता आणि उजवा चवडा बाहेर काढता. बगळ्यासारखा."

"बगळा एका पायावर उभा राहतो."

"मी चांगल्या अर्थाने म्हणालो. असे पाय मी शंभरात ओळखीन."

"यात निम्मं पाणी आहे," न्यागुथी म्हणाली, आणि गमबूट घेऊन गेली.

पुढच्या महिन्यात ती परत आली. गमबूट फाटले नव्हते. ती नुसतीच आली होती. त्यानंतर दीड वर्ष ती अशीच येत राहिली आणि गाथोगो तिच्या गुडघ्यांशी बोलत राहिला, आणि एवढ्यावर जे व्हायचं ते झालं. घरची माणसं एकमेकांकडे जाऊन आली, चहा झाले, कुणाचा आजा कुणाच्या आज्यासोबत गुरं राखायचा ते निघालं. मोठ्या बैठकीचा दिवस जुलैमधला ठरला.

आता त्या दिवसाची एक रीत आहे. मुलीकडच्या बायका सात-आठ पोरींना डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत लेसोंमध्ये, म्हणजे मोठ्या छापील कापडांत, गुंडाळतात, ओळीत उभ्या करतात आणि मुलाला म्हणतात, घे शोधून तुझी. डोळे दिसत नाहीत, केस दिसत नाहीत, बोलायची बंदी. मुलगा चुकला तर एक बकरा दंड आणि जन्मभराची टिंगल. बकऱ्याचं कुणाला काही वाटत नाही.

आणि या रीतीच्या पोटात दुसरी एक रीत आहे. ती सगळ्यांना माहीत असते आणि कुणी तिचं नाव काढत नाही. मुलगी आधीच खूण ठरवून ठेवते. कुणी दोनदा खोकते, कुणी अंगठा हलवते. मुलीकडचे पुढारी मझे किरागू, त्यांच्या लग्नात तर त्यांच्या बायकोने लेसोखालून चक्क "अहो, इकडे" अशी हाक मारली होती, आणि ते तरीही दुसरीकडे गेले होते.

बैठकीच्या आधीच्या शनिवारी दोघं स्टेशनरोडच्या हॉटेलात बसली होती. चहा, दोन-दोन तळलेले गोड मंदाझी.

"मी उजव्या पायाने तीनदा ठोकीन," न्यागुथी म्हणाली. "हळूच. तू इकडेतिकडे बघ, जरा डोकं खाजव, मग माझ्यापाशी ये."

"खूण कशाला?"

"म्हणजे?"

"मला खूण? मी रोज काय करतो? हातच्या काकणाला आरसा दाखवतेस का?"

"अरे, सगळे घेतात."

"सगळे बटाटे विकतात. मी बूट विकतो." त्याने मंदाझी तोंडात टाकला. "उगाच ठोकू नकोस. तू ठोकलंस म्हणून ओळखलं असं व्हायला नको. ओळखलं म्हणजे ओळखलं."

न्यागुथीने चहा संपवला. कप खाली ठेवताना ती ज्या आवाजात शेतकऱ्यांना कॅन परत न्यायला सांगते त्या आवाजात म्हणाली, "बरं. नाही ठोकत. पण चुकलास तर मी येणार नाही."

"हो, हो. बकरा देईन."

"बकऱ्याचं नाही सांगत. मी येणार नाही. ओळीतून घरात जाईन आणि सोमवारी कामावर."

गाथोगो हसला. तिच्या बुटांकडे बघून हसला, हे सांगायला हवं.

जुलैत ओल जोरो ओरोकला ऐन थंडी असते आणि धुकं सकाळी पाहुण्यासारखं येतं, जेवून घेतं आणि संध्याकाळी जायचं नाव काढत नाही. त्या दिवशी तर इतकं होतं की गाथोगोकडच्यांची भाड्याची मताटू गाडी आधी शेजाऱ्याच्या फाटकात शिरली, आणि तिथल्या बायकांनीही दोन गाणी म्हणून घेतली. शेवटी योग्य फाटक सापडलं. तिथे न्यागुथीकडच्या बायका हाताला हात धरून आडव्या उभ्या होत्या आणि या मुलाला घरात का घेऊ नये याची कारणं गाण्यात बसवून म्हणत होत्या. मुलगा उंच आहे, दार ठेंगणं आहे. मुलगा बूट विकतो, त्याच्या मावशीच्या पायात चपला आहेत.

गाथोगोकडून बोलायचं काम थेउरी मामांचं होतं. मामांची सगळी उमर जनावरांच्या दवाखान्याच्या कचेरीत गेली होती आणि त्यांना साधं बोलता येत नसे. घरी मीठ मागतानाही ते आधी संदर्भ द्यायचे.

मामा पुढे झाले. "सदर आवारात," ते म्हणाले, "एक कोकरू असल्याचे आमच्या मुलाच्या निदर्शनास आले आहे. त्या अनुषंगाने आम्ही उपस्थित झालो आहोत."

"कोकरं आमच्याकडे पुष्कळ," मझे किरागू काठीवर हनुवटी टेकवून म्हणाले. "तुमच्याच्या कानात बिल्ला आहे का?"

"बिल्ला नाही. परंतु मुलगा पायांवरून ओळखतो."

हे मामांनी बोलायला नको होतं. आडव्या उभ्या असलेल्या बायकांत मुगुरे आत्या होती. न्यागुथीच्या वडिलांची ही बहीण. तिच्याइतकी लबाड बाई पंचक्रोशीत नाही, हे ती स्वतःच ओळख करून देताना सांगते.

"ऐकून आहोत," मुगुरे आत्या गोड हसून म्हणाली. "जावईबापू पाय ओळखतात म्हणे. या, बसा, चहा घ्या. आम्ही पोरींना तयार करतो."

पोरी तयार होऊन आल्या तेव्हा गाथोगोच्या हातातला चहा निवला. लेसोंखाली पायच नव्हते. गमबूट होते. सगळे काळे, सगळे एकाच उंचीचे, सगळ्यांवर सारखाच चिखल. आत्याने आळीतले गमबूट गोळा केले होते आणि चिखलही स्वतःच्या हाताने सारखा करून लावला होता.

"घ्या जावईबापू," ती म्हणाली. "दुकान मांडलंय."

गाथोगो उठला. हात पाठीमागे बांधले आणि गुरांच्या बाजारात दलाल फिरतो तसा ओळीसमोरून सावकाश फिरला. पहिली दोन्ही पायांवर सारखी उभी होती, ही नाही. दुसरी पाय बदलत होती, ही अधीर, ही नाही. तिसरी, चौथी, नाही. शेवटून दुसरीपाशी तो आला आणि थांबला. जरा बुटकी वाटत होती, पण भार डाव्या पायावर होता. उजवा चवडा बाहेर. दीड वर्ष पाहिलेला बगळा.

"ही," तो म्हणाला.

"पुनर्विचारास वाव आहे," थेउरी मामा मागून पुटपुटले.

"मामा, शंभरात ओळखीन." आणि त्याने लेसो वर केला.

आत शोशो होती. न्यागुथीची आजी. वय एक्याऐंशी, तोंडात उकडलेल्या मक्याचे दाणे. ती शांतपणे ते चावत होती आणि गाथोगोकडे वर बघत होती. तिने घास पूर्ण गिळला, मग म्हणाली, "काय रे बाळा, संपली का रांग?"

क्षणभर कुणी हसलं नाही, कारण कुणाला श्वास घ्यायला सुचलं नाही. मग चुलीपाशी कुणाच्या तरी हातातून झाकण पडलं आणि त्यानंतर बराच वेळ काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. एक म्हातारा बाकावरून घसरून खाली बसला आणि तिथूनच हसत राहिला.

"आई," मुगुरे आत्या म्हणाली. ती एकटी हसत नव्हती. "तू इथे काय करतेस?"

"थंडी वाजत होती. खाटेवर कापडांचा ढीग होता, त्यातलं एक घेतलं. डोक्यावरून घेतलं, वारं लागू नये म्हणून. तर तूच आलीस, माझ्या पायांत गमबूट चढवलेस, दंडाला धरून उभं केलंस आणि म्हणालीस, बोलायचं नाही. मी बोलले का?"

"मला वाटलं धाकटीची मैत्रीण आहे."

"मला वाटलं जेवणाची रांग आहे."

आता प्रश्न असा पडला की पुढे काय. मझे किरागूंनी काठी जमिनीवर आपटली. "रीत म्हणजे रीत. मुलाने सगळ्यांदेखत हात घातला. लेसो वर झाला. वर झालेला लेसो खाली होत नाही. एक बकरा, आणि ज्या बाईचा लेसो त्याने वर केला तिच्याबद्दल त्याने काहीतरी बोललं पाहिजे."

थेउरी मामांना बकरा वाचवायची संधी दिसली. ते उभे राहिले. "प्रस्तुत प्रकरणी चूक झालेलीच नाही," ते म्हणाले. "मुलीचं नाव आजीवरून ठेवलं आहे. आपल्यात ज्याचं नाव, तोच तो माणूस. आजी आपल्या नातीला 'मी' म्हणते की नाही? मुलीचे वडील स्वतःच्या मुलीला 'आई' म्हणून हाक मारतात की नाही? आमच्या मुलाने न्यागुथी निवडायची होती. त्याने न्यागुथी निवडली. सबब दंड लागू होत नाही."

म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. बिनतोड होतं. मझे किरागूंनी दोनदा मान हलवली आणि खिशातून तपकिरीची डबी काढली.

"मान्य," ते म्हणाले. "बरोबर न्यागुथी निवडली. दंड माफ. घेऊन जा तिला."

"कुणाला?"

"निवडलीय तिला."

मामा उभेच राहिले. कचेरीत इतकी वर्षं काढूनही त्यांना हे कलम माहीत नव्हतं.

"मला कुणी विचारणार आहे का?" शोशो म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. तिने गाथोगोला वरून खाली पाहिलं. "मुलगा उंच आहे. बूट विकतो. माझा नवरा काहीच विकायचा नाही, नुसता बसायचा. मला चालेल."

बायकांनी ललकारी दिली. ती धुक्यातून तीन शेतं पलीकडे ऐकू गेली असेल, आणि तिथेही कुणीतरी उलट ललकारी दिली, काय झालंय ते माहीत नसताना. अशा रीतीने ते झालं, जे झालं नाही.

या सगळ्यात ओळीतल्या तिसऱ्या लेसोने स्वतःला सोडवलं. आतून न्यागुथी निघाली. ती दोन्ही पायांवर सारखी उभी होती. गाथोगोकडे तिने एकदाच पाहिलं, कॅनकडे बघावं तसं. मग लेसोची घडी घातली, आत्याच्या हातात दिली आणि स्वयंपाकाच्या झोपडीत गेली.

इतका वेळ गाथोगोला वाटत होतं, झाली फजिती, निभावून नेऊ. आता त्याला शनिवारचा चहा आठवला.

तो झोपडीमागे गेला. जावयाने तिथे जायचं नसतं, पण आज जावई कोण आणि कुणाचा हे नीट ठरलेलं नव्हतं. फळ्यांच्या फटींतून धूर येत होता.

"न्यागुथी."

"कोण? तुमची बायको बाहेर बसलीय," आतून आवाज आला.

"तू तशी का उभी नव्हतीस? नेहमी डाव्या पायावर उभी राहतेस."

"नेहमी हातात कॅन असतो."

हे गाथोगोच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, आणि ती पहिल्याच दिवशी सांगून गेली होती.

"आणि शोशो?"

"शोशोचा गुडघा दुखतो." आत पळी भांड्यावर आपटली. "मी खूण देत होते. तुला नको होती. तुला मी सापडायला नको होते, गाथोगो, तुला बरोबर ठरायचं होतं. दीड वर्ष बोलतोयस ते माझ्या गुडघ्यांशी. मला वाटायचं लाजतोयस."

"लाजतच होतो. थोडा."

"किती पाणी आहे त्यात?"

त्याने खरंच विचार केला. "निम्मं," तो म्हणाला.

आत पळी थांबली. मग ती म्हणाली, "सोमवारी मला कामावर जायचंय. रजा टाकलेली नाही."

"आणखी एकदा उभी राहशील का?"

पळी परत हलू लागली.

तो अंगणात आला आणि मामांच्या कानाशी लागला. मामांनी घसा साफ केला आणि अपिलाची तरतूद आहे का असं विचारलं. मझे किरागू म्हणाले, तरतुदीला बकरा पडतो. मामांनी डोळे मिटून होकार दिला. मुगुरे आत्या पुन्हा लेसो गोळा करू लागली. जाता जाता गाथोगोच्या बाजूला थांबून ती हळूच म्हणाली, "ती उभी राहील की नाही, मला माहीत नाही हं. मी लबाड आहे, पण हे खरं सांगतेय."

ओळ दुसऱ्यांदा आली. तेच गमबूट, तोच चिखल. फक्त या वेळी सगळ्याच्या सगळ्या जणी भार डाव्या पायावर टाकून, उजवा चवडा बाहेर काढून उभ्या होत्या. तळ्याकाठी बगळे उतरावेत तशी ओळ. आत्याने शिकवून आणल्या होत्या. एका लेसोखालून मका चावल्याचा आवाज येत होता, तेव्हा शोशो कुठे आहे ते उघड होतं. तिची थंडी अजून गेली नव्हती. बाकी सगळं धुकं.

गाथोगो ओळीसमोरून फिरला नाही. एका जागी उभा राहिला. खाली बघायची सवय होती म्हणून आधी खाली बघितलं, मग वर बघितलं, जिथे तोंडं असतील तिथे. तिथे फुलांची आणि मोरांची छापील कापडं होती.

"मला ओळखू येत नाही," तो म्हणाला.

"मोठ्याने बोल," मागून कुणीतरी म्हणालं. "इथे काही जणांना वर्षभर सांगायचंय हे."

"मला ओळखू येत नाही," तो मोठ्याने म्हणाला. "ती मला खूण देत होती. मी नको म्हणालो. मला बूट कळतात. बुटांच्या वर मला काही कळत नाही. ती या ओळीत आहे की आत चुलीपाशी आहे, तेही मला माहीत नाही. मी आता कुणाचा लेसो वर करणार नाही. मी इथे उभा राहतो. जिला यायचं असेल तिने यावं."

"ही रीत नाही," मझे किरागू म्हणाले.

"मनाईही नाही," थेउरी मामा म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे सगळ्यात साधं वाक्य.

सगळे थांबले. मग एक लेसो हलला, दोन पावलं पुढे आला आणि गाथोगोच्या डाव्या हाताला येऊन उभा राहिला. लेसोखालून एक सोललेलं कणीस बाहेर आलं आणि गाथोगोच्या हातात पडलं.

"धर," शोशो म्हणाली. "चला. इथे वारं लागतंय."

यावर कुणी हसलं नाही, त्यावरून समजा. ओळ तशीच उभी होती. गाथोगो हातात कणीस घेऊन उभा होता. चुलीवरचा भात करपल्याचा वास आला आणि कुणी उठलं नाही. झोपडीच्या दारात कुणी नव्हतं. मग त्या करपल्याच्या वासाचा अर्थ गाथोगोच्या हळूहळू लक्षात आला. पळी हलवणारं तिथे कुणी नव्हतं.

डावीकडून पहिला लेसो पुढे झाला. सरळ आला, समोर येऊन थांबला.

"एवढं बोलायला दोन बकरे लागले," लेसो म्हणाला.

"एकच," थेउरी मामा घाईने म्हणाले. "पहिला माफ झाला आहे. तशी नोंद घ्यावी."

"ओळीत बोलायची बंदी आहे," मझे किरागू म्हणाले. "झाले दोन."

"वर कर की," लेसोने गाथोगोला सांगितलं.

"मी आत्ताच म्हणालो की कुणाचा वर करणार नाही."

न्यागुथीने स्वतःच कापड मागे टाकलं. गाथोगो तिच्या तोंडाकडे बघू लागला आणि बघतच राहिला. इतका वेळ की मुगुरे आत्याला दुसरीकडे बघावं लागलं, आणि तिला तशी सवय नव्हती.

"ही भुवईवरची खूण कधी झाली?" त्याने विचारलं.

"सात वर्षांची असताना. वासराने ढकललं."

"मोठी आहे."

"दीड वर्ष आहे तिथेच आहे," न्यागुथी म्हणाली. पण ती हसत होती. तिने कणीस त्याच्या हातातून घेतलं, अर्धं मोडलं आणि त्याला परत दिलं.

राहिला प्रश्न शोशोचा. मझे किरागूंनी निकाल दिला की दोघी आपल्या पायांनी आल्या आहेत आणि आपण आलेल्या बाईला परत पाठवणारे लोक नव्हेत. आधी आली ती थोरली, नंतर आली ती धाकटी. मग बकरा कापला गेला, मुरातिना दारूची शिंगं फिरली, आणि तिसऱ्या फेरीनंतर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी एकमताने ठरवलं की थोरलीचा भाग झालाच नाही. पास्टरच्या कानावर जायला नको. सगळ्यांनी तोंडावर बोट ठेवून शपथ घेतली. शोशोने घेतली नाही. ती तेव्हा मताटूत पुढच्या सीटवर बसली होती, गाठोडं मांडीवर घेऊन.

ती म्हणाली होती, थंडी ओसरेपर्यंत येते.

तेव्हापासून ती न्याहुरुरूला आहे. गाथोगो आणि न्यागुथीच्या त्या एका खोलीत, खिडकीपासून लांबच्या, म्हणजे चांगल्या बाजूला. दिवसा ती बाजारात गाथोगोच्या शेगडीपाशी बसते, आणि गिऱ्हाइकाने कोण तुम्ही विचारलं की सांगते, "मी पहिली. दुसरी कामावर गेलीय." धंदा वाढला आहे, कारण लोक मुद्दाम विचारायला येतात. गाथोगो आता सगळ्यांच्या तोंडाकडे बघून बोलतो आणि बुटांचं माप चुकवतो. संध्याकाळी न्यागुथी केंद्रावरून आली की तिघं चहा पितात. मग दोघं शोशो झोपायची वाट बघतात, आणि शोशो ती दोघं झोपायची वाट बघते, कारण नव्या जोडप्याला एकटं सोडू नये असं तिला वाटतं. न्यागुथीला याचं हसू येतं. गाथोगोलाही यायचं, पहिला महिना.

गेल्या आठवड्यात तो थेउरी मामांकडे गेला. मामांनी चष्मा लावला, संदर्भ शोधला आणि त्याच्या वतीने पुढील अर्ज लिहून चीफसाहेबांच्या कचेरीत नेऊन दिला:

"विषय: थंडी संपल्याचे अधिकृतरीत्या जाहीर करणेबाबत.

महोदय, सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराच्या ज्येष्ठ पत्नी (वय ८१) यांनी थंडी ओसरताच स्वगृही परत जाण्याचे साक्षीदारांसमक्ष तोंडी मान्य केले आहे. तथापि न्याहुरुरू व परिसरातील थंडी आजतागायत कोणत्याही सक्षम अधिकाऱ्याने संपल्याचे घोषित केलेले नसल्याने सदर आश्वासनाची अंमलबजावणी होऊ शकलेली नाही. तरी आपल्या अखत्यारीत ही थंडी चालू महिनाअखेर संपुष्टात आल्याचे, शक्यतो गोल शिक्क्यानिशी, जाहीर करण्यात यावे. संपूर्ण विभागासाठी असे करणे शक्य नसल्यास, निदान अर्जदाराच्या एका खोलीपुरती, रात्रीच्या जेवणानंतर, थंडी नसल्याचे प्रमाणपत्र मिळावे, ही नम्र विनंती."